एका पाळीत अनेक चाली: पट मांडण्याआधी

बुद्धिबळाचा पट तोच, सोंगट्या त्याच, बदलते ती फक्त पाळी: एकाऐवजी अनेक चालींची. मग वेगळी तयारी ती काय करायची? मलाही तसंच वाटायचं. पण अर्ध्या डावात वाद हटकून एकाच प्रश्नावर होतो: शह दिला, आता उरलेल्या चाली करायच्या की नाही? म्हणून पहिलं काम, शहाचा नियम ठरवून कागदावर लिहून ठेवा.

दोन-दोन चालींचा खेळ, म्हणजे १९२५चं मार्सेय बुद्धिबळ, खेळणार असाल तर पहिल्याच चालीत शह दिला की दुसरी चाल गेली. आपल्या राजाला शह असेल तर तो पहिल्याच चालीत चुकवायचा. शिवाय पांढऱ्याने सुरुवातीच्या पाळीत एकच चाल करावी असं आधीच कबूल करून घ्या, नाहीतर काळ्यावर सरळ अन्याय होतो.

वाढत्या चालींच्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह प्रकारात पांढऱ्याची एक, काळ्याच्या दोन, पांढऱ्याच्या तीन, असं चढत जातं. यात दोन पद्धती आहेत. स्कॉटिश पद्धतीत शह देताच पाळी संपते. इटालियनमध्ये शह फक्त शेवटच्या चालीतच देता येतो. कोणती, ते बोलून घ्या. प्यादं 'आँ पासाँ' (दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं, ते एकच घर आलं असं धरून) मारायचं असेल तर ते पाळीच्या पहिल्याच चालीत, हेही सांगून ठेवा. त्याची आठवण नेमकी ऐन वेळी होते. राजाला शह नाही, पण ठरलेल्या सगळ्या चाली पुऱ्या करता येत नाहीत, असं झालं तर डाव बरोबरीत.

नवख्याला हा प्रकार शिकवणार असाल तर एक नमुना आधीच दाखवा. पांढरा ई४ खेळला (म्हणजे प्यादं ई या उभ्या रांगेतल्या चौथ्या घरात), काळ्याने निवांतपणे ई५ आणि ए६ केलं. आता पांढऱ्याच्या तीन चाली: उंट सी४, वजीर एच५, वजिराने एफ७चं प्यादं मारलं. मात. काळा अजून खुर्चीत नीट टेकलेलाही नसतो! हे एकदा पाहिलं की पुढच्या डावात त्याची नजर एफ७वरून हलत नाही.

मोजणीची सोय हवीच. 'चार झाल्या की पाच?' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पटाशेजारी सात-आठ बटणं ठेवतो. पाळीच्या सुरुवातीला लागतील तेवढी डावीकडे, चाल झाली की एक उजवीकडे. नोंदवहीत पाळीचा आकडा लिहिला की तोच चालींचा आकडा असतो, तेवढाच हिशेब कमी.

घड्याळ लावायचं असेल तर सगळ्या चाली झाल्यावरच दाबायचं. मधल्या चाली मागे घेता येतील का? माझं मत, नाही. सोंगटीवरून हात सुटला की चाल झाली. मित्रांत सवलत द्या, पण दोघांना सारखी.

आणि मॉन्स्टर बुद्धिबळ खेळायचं असेल तर मांडणीच वेगळी: काळ्याची पूर्ण फौज, एका पाळीत एकच चाल, पांढऱ्याकडे राजा आणि सी, डी, ई, एफ या रांगांतली चार प्यादी, पण दर पाळीला दोन चाली. पांढऱ्याच्या उरलेल्या अकरा सोंगट्या डब्यातच राहू द्या.