हत्यारं भंगारात, गोधडी नदीत: या चुका टाळा

आमचे अण्णा सुतार. ते गेले आणि तेराव्यानंतर चारच दिवसांनी भावाने माळ्यावरची पेटी भंगारवाल्याला घातली. किलोवर. करवत, वाकस, गुण्या, लाकूड कोरायच्या सहा पटाशा. मी पोचले तेव्हा भंगारवाल्याने रंध्याचं पातं काढून लाकूड दाराशी फेकलेलं होतं. त्या लाकडाला अण्णांच्या अंगठ्याने खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात टाकला की हरवतो. तेवढं लाकूड मी उचलून आणलं. भावाला तरी काय बोलणार? अण्णांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

पहिली चूक हीच. मरणाचं बोलणं अभद्र वाटतं म्हणून विषय टळत राहतो. पण खंडेनवमीला हत्यारं पुसून पूजेला मांडतोच ना आपण? त्याच दिवशी एकेक हातात घेऊन विचारा, हे कोण वापरणार? कुणाला नको असेल तर तसं म्हणू द्या, रुसू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि धार कशी लावायची तेही तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा.

दुसरी चूक सारख्या वाटणीची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा हक्क सारखा. घर-जमिनीला ते ठीक. पण सहा पटाशा तिघांत दोन-दोन वाटल्या की काम एकाकडेही होत नाही, गंज मात्र तिघांकडे. संच ज्याचा हात चालतो त्याला जाऊ द्या, बाकीच्यांचं पैशात किंवा दुसऱ्या वस्तूत भागवा. तो हात घरातला नसून हाताखालच्या पोराचा असेल, तरी बिचकू नका.

त्याला नुसतं तोंडी ‘माझ्यानंतर तुझं’ म्हणून ठेवलं, तर मात्र वारसांपुढे त्याचं काही चालत नाही. जंगम वस्तू बक्षीस द्यायला नोंदणी लागत नाही. देण्याच्या इराद्याने हातात दिली आणि त्याने घेतली की झालं. म्हणून जमेल तेवढं जिवंतपणीच द्या, चारचौघांसमोर. मृत्युपत्रच करणार असाल तर त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदार लागतात. ज्याला वस्तू देणार त्यालाच साक्षीला बसवू नका. आणि ‘सर्व चीजवस्तू’ असं मोघम लिहू नका. ‘शिसवी मुठीच्या सहा पटाशा, पेटीसकट’ असं लिहा.

गोधडीचं दुखणं वेगळं. माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण घराबाहेर काढायची, नदीत सोडायची अनेक घरांत रीत आहे, आणि त्या गठ्ठ्यात आजीने चार लुगडी जोडून हाताने टाके घातलेली गोधडीही जाते. हे सगळं पहिल्या दिवसांतच उरकतं, तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. ती आधीच लेकीच्या, नातीच्या घरी पोचवा. रीत पाळायची तर बाजारची चादर आहेच.

वस्तू ‘म्युझियमला देऊ’ हेही मागच्यांवर सोडू नका. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आडकित्ते, दिवे, घरगुती भांडी असं आयुष्यभर जमवलं आणि 1975 साली स्वतःच्या हयातीत सरकारच्या हवाली केलं. आपल्या एका पेटीसाठी संग्रहालयं बहुधा नाहीच म्हणतील, पण तुम्ही असताना विचारलेलं बरं.

माणूस आधीच गेलाय आणि पेटी तशीच पडलीय? वर्षश्राद्धापर्यंत काही विकू नका. पात्यांवर गंज असेल तर रात्रभर रॉकेल किंवा डिझेल लावून ठेवा, सकाळी बारीक पॉलिश पेपर मारा, मग तेलाचा हात. ग्राइंडरवर धरू नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. तंबोरा असेल तर तारा थोड्या सैल करून, गवसणी घालून उभा ठेवा. माळ्यावर तर नकोच, पत्र्याखालच्या उन्हात भोपळा तडकतो. आणि रंध्याच्या लाकडाला वॉर्निश लावू नका. मी लावणार होते, ब्रश हातात होता. खळगा बुजला असता.