यंत्र थांबलंय, पण का?

शेतातल्या रोबोटच्या कामात डिझाइनरचं काय काम, असं डिझाइन शिकणारी मुलं विचारतात. यंत्र पुढे काय करणार आहे, हे शेजारच्या माणसाला वेळेत कळवणं, हे ते काम.

मी हे सोलापूरच्या डाळिंबाच्या बागांत शिकलो. साडेचार बाय तीन मीटरवर लावलेली झुडपं वाढली, की ओळीच्या टोकावरचं यंत्र दिसतच नाही. यंत्राचं ॲप मालकाच्या मोबाईलवर; यंत्राजवळ मात्र विरळणी करणाऱ्या बायका. त्यांतल्या कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या तेलुगू. त्यामुळे पडद्यावरच्या मजकुरावर भिस्त ठेवू नका.

एक मावशी म्हणाल्या, "थांबलंय खरं, पर पुन्हा कवा निघंल?" माझ्या मते या कामाचा गाभा हाच प्रश्न आहे. यंत्र मला पाहून थांबलं, अडकलं, की टाकी संपली? तिन्ही थांबणी वेगवेगळी कळली पाहिजेत आणि निघण्याआधी इशारा हवाच. हिरवा दिवा इथे घोटाळा करतो: 'मी निघतो' की 'तुम्ही जा'? एप्रिलच्या उन्हात तर साधा दिवा पेटलाय की नाही तेच कळत नाही. त्याला वरून आडोसा द्या. ब्लोअर, म्हणजे फवारणीचा मोठा पंखा, सुरू झाला की भोंगा ऐकू येत नाही, म्हणून आवाज त्याआधी. एकसुरी 'बीप' कुठून आला ते चटकन उमगत नाही; फसफशीसारख्या भरड आवाजाची दिशा लवकर समजते. सतत वाजणाऱ्या आवाजाकडे माणसं लक्ष देईनाशी होतात.

आणीबाणीचं बटण लाल, मागे पिवळं. तिथे कलाकुसर नको. स्वयंचलित शेतीयंत्रांच्या सुरक्षेचं आयएसओ १८४९७ मानक आधी वाचा.

रोबोट तयार व्हायची वाट पाहू नका. रिमोटवरची गाडी बागेत फिरवा, ती माणूस चालवतोय हे चाचणीनंतर सांगा. "आवडलं का?" विचारलंत तर सगळे हो म्हणतील. "आता हे काय करंल?" असं विचारा.

आयआयटीत एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करायची तर सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबई आयआयटीचं आयडीसी, म्हणजे तिथला डिझाइन विभाग, त्यातूनच मिळतं. पण प्रवेशाआधी सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून बहार (फुलं येण्याचा हंगाम), छाटणी, फवारणीचं वेळापत्रक समजून घ्या. बागेत माणसं कधी आणि कुठे असतात, ते त्यावरूनच कळतं. आणि चाचणीत बायकांचा रोजगार बुडतो, तेवढे पैसे खर्चात आधीच धरा.