मोठ्या मुलाला ‘नाही’ म्हटल्यानंतरचे तीन आठवडे

पोटचं पोर मोठं होऊन दारूपायी, जुगारापायी किंवा नुसत्या संतापापायी घर वेठीला धरत असेल, तर आईबापांना दोनच सल्ले मिळतात. ‘प्रेमाने समजवा’ आणि ‘घराबाहेर काढा, आपोआप ताळ्यावर येईल’. सल्ला देणारे रात्री स्वस्थ झोपतात. मी दोन्ही करून पाहिलं. वर्षं गेली, मुलगा होता तिथेच.

आधी मर्यादा नीट ठरवा. ‘तू पिऊ नकोस’ ही विनवणी झाली. ‘तू पिऊन आलास तर मी बोलणार नाही, माझ्या खोलीचं दार लावून घेईन’ ही मर्यादा. विनवणी मानायची की नाही ते तो ठरवणार, दार लावणं आपल्या हातात आहे. एका वेळी एकच ठरवा. माझी होती, ‘पैसे देणार नाही’.

घरातून दुसरं कुणी गुपचूप पैसे देणार नाही, एवढं पक्कं करा. मग तो शुद्धीवर असताना दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हा.

खरी परीक्षा इथून पुढे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. पहिला आठवडा शिव्या, दुसरा रडारड. मग एका रात्री दोन वाजता फोन सुरू झाले. मोबाइल उशीखाली घालून मी पलंगावर बसून राहिले. नऊ वेळा वाजला. दहाव्यांदा उचलला आणि पैसे पाठवले. त्या रात्री मी त्याला एवढंच शिकवलं, की आई दहाव्या फोनला वाकते. पुढच्या वेळी तो अकराव्याला थांबला नाही.

स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हे कधीच दाखवून ठेवलंय. बटणावर चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असलं की कबूतर चोच मारणं सोडतच नाही. आणि मिळणारा दाणा साफ बंद केला, तर चोच मारणं आधी वाढतं, मग ओसरतं. ते वाढणं बघून आपण घाबरतो आणि नेमके तेव्हाच वाकतो. म्हणून माझं ठाम मत आहे: अर्धवट पाळायची असेल तर मर्यादा घालूच नका.

मी शेवटी एक वाक्य कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलं: ‘पैसे देणार नाही. डॉक्टरकडे जायचं असेल तर आत्ता सोबत येते.’ तेच वाचायचं, फोन ठेवायचा. कारणं देऊ नका. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि वाद घालायला त्याच्याकडे अख्खी रात्र असते.

जीव देण्याची भाषा मात्र वेगळी. ‘नाटकं करतोय’ म्हणणाऱ्यांना गप्प करा. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार आहे का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, घरातली औषधं हलवा, तातडीची मदत बोलवा. पैसे तेव्हाही नाहीत. तिथे माणूस लागतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायलाही जाऊ नका. आकडी येते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. हात उचलला तर पोलिसांना फोन, त्यात लाज कसली?

आणि स्वतःसाठी माणसं शोधा. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट १९५१ पासून चालतात. ‘हे मी घडवलं नाही, मला ते आवरता येत नाही, बरंही करता येत नाही,’ असं तिथे म्हणतात. पहिला तुकडा तोंडातून निघायलाच मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

कागद चिकटवल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात फोन कमी झाले. मग एकदा भर दुपारी आला. असा फोन पहिल्या रिंगला उचलायचा. ‘काय करतेस?’ एवढंच त्याने विचारलं. ‘काही हवंय का?’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि म्हटलं, ‘कपडे वाळत घालतेय. तू?’