हृदयविकारातील वेदना आणि मन : या चुका टाळा

हृदयरोग्यांना वेदनेशी मनाच्या बाजूने कसे वागावे, हे शिकवण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. बायपासनंतर छातीच्या हाडाचा ठणका, पायातून शीर काढलेल्या जागेची टोचणी, स्टेंट बसवल्यावरही चढ चढताना जाणवणारा जडपणा अशा तक्रारी वेगवेगळ्या असतात. चुका मात्र त्याच त्या होतात आणि त्यांतील एक तर जिवावर बेतते.

ती चूक म्हणजे छातीत दुखू लागल्यावर श्वसनाचा सराव करून ‘हे मनाचे आहे की हृदयाचे’ याची परीक्षा घेणे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका बायपासनंतर पाच महिन्यांनी माझ्याकडे येऊ लागले. भीतीने स्नायू आखडतात आणि दुखणे वाढते, हे मी त्यांना समजावले आणि संथ श्वास शिकवला. पुढच्याच आठवड्यात रात्री जेवणानंतर त्यांची छाती जड झाली आणि कळ जबड्यापर्यंत गेली. काकूंनी गॅस समजून ओवा दिला आणि काका खुर्चीत डोळे मिटून चाळीस मिनिटे श्वास मोजत बसले. मुलाचा हात पाठीला लागला तेव्हा बनियन घामाने चिंब झाले होते. 108 ची रुग्णवाहिका आली आणि ते वाचले. नंतर भेटल्यावर ते अगदी सरळपणे म्हणाले, “भीतीमुळे दुखणं वाढतं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मी भीती घालवत होतो.” मी त्यांना अर्धेच शिकवले होते आणि उरलेले अर्धेच अधिक महत्त्वाचे होते.

तेव्हापासून माझ्याकडे पहिल्या भेटीत कोणीही डोळे मिटत नाही. रुग्ण स्वतःच्या अक्षरात नियम लिहितो आणि तो कागद घरी फ्रिजच्या दारावर लावतो. छातीत नवे, वाढते किंवा आवळल्यासारखे दुखू लागले, घाम फुटला, धाप लागली, तर काम थांबवून बसायचे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिली असेल, तर ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे बसूनच घ्यायची. पाच मिनिटांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला, तर 108 ला फोन करायचा आणि स्वतः गाडी चालवायची नाही. मधुमेह असलेल्यांना कळ न येता नुसती धाप किंवा घामच येऊ शकतो, म्हणून त्यांनी दुखण्याची वाटही पाहू नये. दाबल्यावर, कूस बदलताना किंवा खोकताना दुखते ते बहुधा हाडाचे, ही खूण उपयोगी असली तरी शेवटचा निकाल डॉक्टरांनीच द्यायचा असतो. श्वास, ध्यान, मन दुसरीकडे वळवणे हे सारे डॉक्टरांनी तपासून ओळखलेल्या, जुन्या, रोजच्या वेदनेसाठी आहे.

दुसरी चूक अधीरपणाची आहे. वेदना ऐन भरात असताना मोबाइलवर व्हिडिओ लावून माणसे पहिल्यांदाच श्वसन शिकू पाहतात आणि दोन दिवसांनी ‘काही उपयोग नाही’ असा निकाल देतात. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडले, की वेदनेचे संदेश पाठीच्या कण्यात एखाद्या दारातून जावे तसे जातात आणि मेंदूकडून येणारे संदेश ते दार कमी-अधिक उघडू शकतात. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ बदल झाले, तरी भीती आणि लक्ष यांचा वेदनेवर परिणाम होतो, हे टिकून राहिले. दार ओढून घेण्याची सवय मात्र दुखत नसतानाच लावावी लागते. माझी पद्धत साधी आहे: सकाळी आणि संध्याकाळी चहाच्या आधी, त्याच खुर्चीत, एक हात पोटावर ठेवून चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडावा, असे दहा मिनिटे. निदान तीन आठवडे झाल्याखेरीज मी वेदनेच्या वेळी ते वापरू देत नाही. ज्यांना तीन आठवडे फार वाटतात, त्यांना बायपासमध्ये कापलेले छातीचे हाड जुळायलाही साधारण दोन ते तीन महिने लागतात, याची आठवण करून द्यावी लागते.

श्वास कोंडू नका. मुठी आवळून सैल सोडण्याच्या व्यायामात बरेच जण नकळत श्वास रोखून धरतात. त्याने रक्तदाब एकदम चढतो. कपालभाती आणि भस्त्रिका हा काही संथ श्वसनाचा जलद मार्ग नव्हे. डॉक्टरांना न विचारता हृदयरोग्याने त्या वाटेला जाऊ नये.

दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून वेदना दाबू नका; या गटातील गोळ्यांनी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. सरावाने बरे वाटू लागले म्हणून हृदयाची औषधेही आपल्या मनाने बंद करू नका.

दर तासाला वेदनेला गुण देऊन वही भरू नका. दिवसातून एकदा, रात्री, आज काय करता आले, एवढेच लिहा.

घरच्यांनी ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य सोडून द्यावे. त्याने टेन्शन गेलेला एकही रुग्ण मी पाहिलेला नाही. त्यापेक्षा खोकल्याची उबळ आली, की छातीशी धरायला उशी हातात द्यावी. झटका येऊन गेलेल्या साधारण पाचांपैकी एकाला गंभीर नैराश्य येते आणि नैराश्यात तीच वेदना अधिक बोचते. झोप आणि भूक उडाली, बोलणे कमी झाले, तर डॉक्टरांना सांगावे. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि बऱ्या दिवशी सगळी कामे उरकू नका. एक काकू असह्य दुखले की चार दिवस झोपून राहत आणि पाचव्या दिवशी माळा झाडून काढत. आम्ही त्यांचे अंतर ठरवून टाकले: बरे असो वा नसो, कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरापर्यंतच जाऊन परत यायचे, आणि छाती जड झाली तर तिथेच थांबून फ्रिजवरचा नियम पाळायचा. दोन आठवडे त्या चिडत होत्या. तिसऱ्या आठवड्यात देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी मला फोन केला आणि पुढच्या चौकापर्यंत जाऊ का, असे विचारले. मी दुसऱ्या दिवसापासून जा, असे सांगितले.