बाळ पोटातच गेलं, आता देवाशी काय बोलू?

सलाम. हे मी त्या बहिणीसाठी लिहितेय जिची सोनोग्राफी नुकतीच झालीये आणि डॉक्टरबाई स्क्रीनकडे बघून गप्प झाल्यात. माझं दहाव्या आठवड्यात झालं, शुक्रवारी कळलं, आणि रविवारी मी कोयरमध्ये उभी राहून गात होते, कारण आपल्याकडे तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं ना, मग दिवस गेलेत हेच सांगितलं नाही तर बाळ गेलं हे कोणत्या तोंडाने सांगणार. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मला जे जे कामी आलं ते सांगते. क्रम वगैरे नीट नाहीये, जिथून झेपेल तिथून घे.

आधी शरीर. प्रार्थना नंतर. हे मी मनाचं सांगत नाहीये, बायबलमधला १ राजे १९ काढून बघ. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडलाय, देवाला म्हणतोय पुरे झालं, माझा जीव घे. आणि देवदूत येऊन काय करतो? उपदेश नाही, वचन नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो आणि म्हणतो उठ, खा. तो खातो आणि परत झोपतो, तर देवदूत परत खायला घालतो. मला तर वाटतं दुःखात असलेल्या माणसाकडे जायच्या आधी प्रत्येकाने हा अध्याय वाचूनच जावं.

तर खा, झोप, लोहाच्या गोळ्या चालू ठेव. दोन तास सलग दर तासाला दोन-दोन पॅड पूर्ण भिजतायत, ताप आलाय, अंगावरून घाण वासाचं जातंय किंवा चक्कर येतेय, तर घरात प्रार्थनासभा बोलवत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागणारे का हे लगेच विचार, ते साधारण ७२ तासांच्या आत देतात, पुढच्या बाळासाठी असतं ते. महिने जास्त झाले असतील तर दोन-तीन दिवसांनी छातीत दूध येऊ शकतं, आणि हे कुणी आधी सांगतच नाही गं, बाळ नाही आणि दूध आलंय, त्या वेळी माणूस तुटतो. थंड कपड्याने शेक, पिळून काढू नकोस, दुखलं तर डॉक्टरला फोन कर. नोकरी करत असशील तर गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यातच दिलेली आहे, एचआरला विचार, लाजू नकोस, बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं आणि सीएल टाकून तिसऱ्या दिवशी कामावर जातात.

अजून एक, फाईलवर मिस्ड ॲबॉर्शन असं लिहिलेलं दिसलं तर दचकू नकोस. मी ते रिक्षात वाचलं आणि मला वाटलं देवासमोर माझ्या नावावर हे लिहिलं गेलंय, कारण ॲबॉर्शन या शब्दाबद्दल आपल्याकडे चर्चमध्ये काय बोललं जातं ते आपण लहानपणापासून ऐकतोय. डॉक्टरी भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही तोच शब्द वापरतात, एवढंच आहे ते.

आता अपराधीपणाचं. हे सगळ्यात खोल जातं म्हणून जरा थांबून बोलते. स्कूटरवर बसले म्हणून का, पपई खाल्ली म्हणून का, लग्नाआधी अमुक केलं त्याची शिक्षा का. सुरुवातीच्या महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा दोष असतो, म्हणजे पेशी जुळतानाच चूक झालेली असते, तुझ्या स्कूटरच्या कितीतरी आधी. कळलेल्या दर शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस अशी संपतात. म्हणजे तुझ्या मंडळीत रविवारी बाकांवर बसलेल्या बायकांत अशा कितीतरी आहेत, फक्त बोलत नाहीत. आणि वचनाचं म्हणशील तर योहान ९. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू सरळ म्हणतो, ह्यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. आईबापांनीही नाही! हे मी मोबाईलच्या वॉलपेपरवर ठेवलं होतं दोन महिने.

म्हणून कुणी घरी येऊन म्हणालं की तुमच्या घराण्यावर शाप आहे, उपास करून तोडायला लागेल, तर हात जोडून चहा पाजून बाहेर काढ. माझ्याकडे अशी एक मावशी आली होती, तेलाची बाटली घेऊन, तीन पिढ्यांची यादी मागत होती. माझ्या हिंदू शेजारणीने आदल्या दिवशी मिरच्या ओवाळून दृष्ट काढली होती, आणि खरं सांगू, तिचं मला जास्त प्रेमळ वाटलं कारण तिने निदान माझ्यावर खापर नाही फोडलं.

लोक बोलतातच. देवाची इच्छा. देवाला फूल आवडलं. दुसरं होईल की, वय आहे अजून. नीट तयार झालं नसेल ते बरंच झालं. चांगल्या मनाने बोलतात हे कळतं पण सुरी चांगल्या मनाने लागली तरी रक्त यायचं ते येतंच. मुलंबाळं, सगळंच गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठव, सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोपर्यंत सगळं बरोबर होतं. तोंड उघडून देवाची बाजू समजवायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, ईयोबावर नाही. तर उत्तर द्यायची जबाबदारी तुझी नाहीये. "प्रार्थना करा माझ्यासाठी" एवढं म्हणायचं आणि उठून किचनमध्ये जायचं. सासूबाईंना मात्र नवऱ्याने सांगावं, तू नाही.

आता प्रार्थना. मला पहिले कितीतरी आठवडे जमलीच नाही. डोळे मिटले की स्क्रीन दिसायची. मी केलं काय, तर दुसऱ्याच्या प्रार्थना उसन्या घेतल्या. स्तोत्र १३ घे, सहाच ओव्या आहेत, सुरुवातच देवा तू मला कुठवर विसरून राहणार अशी आहे. रोज तेच. शेवटच्या दोन ओव्यांत तो स्तुती करतो, त्या नको वाटल्या तर वाचू नकोस, चौथीला थांब, मी थांबायचे. आणि अगदीच काळोख असेल तर ८८ वं स्तोत्र, त्यात शेवटीसुद्धा काही सुटत नाही, अंधारावरच संपतं. मला आधी प्रश्न पडायचा हे पवित्र शास्त्रात ठेवलंच कशाला. आता नाही पडत.

हन्ना तर आपलीच. १ शमुवेल १. तिला मूल नाही, ती मंदिरात जाऊन इतकी रडतेय की फक्त ओठ हलतायत, आवाज नाही, आणि एली याजकाला वाटतं बाई प्यायलेली आहे! म्हणजे बाईचं दुःख पाळकाला न कळणं हे किती जुनं आहे बघ. पण ती गप्प बसत नाही, सांगते, महाराज, मी दारू प्यायले नाही, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. तूही तसंच कर, रडून, रागावून, वहीत शिव्या लिहूनसुद्धा. फक्त एक सांगते, हन्नाची गोष्ट लोक तुला "बघ तिला शमुवेल झाला" म्हणून ऐकवतील. तू तो शेवट सध्या बाजूला ठेव. तिचं रडणं शमुवेलाच्या आधीच ऐकलं गेलं होतं.

शब्दच नसतील तर रोमकरांस पत्र ८:२६, आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे नुसतं कण्हलीस तरी चालतं.

निरोप द्यायचा राहून जातो, ते राहू देऊ नकोस. लहान गर्भ हॉस्पिटलच्या नियमात बायोमेडिकल कचऱ्यात धरला जातो, पिवळ्या पिशवीत, हे ऐकायला वाईट आहे पण माहीत असलेलं बरं, म्हणजे तुला दफन करायचं असेल तर प्रोसिजरच्या आधीच विचारता येईल की आम्हाला नेता येईल का. २८ आठवड्यांच्या पुढे असेल तर मृतजन्म म्हणून नोंदही होते, कागद मागून घ्या. माझ्या वेळेला मला काहीच माहीत नव्हतं. मग आम्ही काय केलं, नाव ठेवलं, आमच्या दोघांतच, आणि सोनोग्राफीचा तो फोटो आणि आईने विणायला घेतलेलं अर्धं टोपडं एका डब्यात ठेवलं आणि पाळकसाहेबांना घरी बोलवलं. ते बिचारे आधी गडबडले, की उपासनेच्या पुस्तकात ह्यासाठी काय आहे. शेवटी त्यांनी स्तोत्र १३९ वाचलं, आईच्या उदरात तू मला घडवलंस ते, आणि प्रभूची प्रार्थना, दहा मिनिटांत झालं. ती दहा मिनिटं मला पुढे वर्षभर पुरली. कॅथलिक असशील तर गर्भ गेलेल्या आईवडिलांसाठी आशीर्वादाचा वेगळा विधीच आहे, फादरना विचार, आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावताना त्यालाही धर.

बाप्तिस्मा झाला नव्हता मग कुठे गेलं ते, हा प्रश्न रात्री तीनला येतो, विशेषतः वसईच्या माझ्या मैत्रिणीच्या आजीने तिला लिंबो (बाप्तिस्मा न झालेली बाळं स्वर्गात न जाता जिथे राहतात असं म्हणायचे ती जागा) वगैरे सांगितलेलं त्यामुळे तिला तर फारच. लिंबो हा कॅथलिक चर्चचा ठरलेला सिद्धांत कधीच नव्हता, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सविस्तर लिहून सांगितलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आम्ही प्रोटेस्टंट बहुतेक, बाळ गेल्यावर दावीद राजा बोलला ते वाक्य धरतो, २ शमुवेल १२:२३, मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही. ते वाक्य घे, पण आजूबाजूचा अध्याय एकटीने वाचू नकोस, तिथे बाळाचं मरण दाविदाच्या पापाशी जोडलेलं आहे आणि तू लगेच ते स्वतःवर घेशील. योहान ९ विसरू नकोस.

नवऱ्याचं. ह्यांनी पहिल्या आठवड्यात घरातले सगळे नळ दुरुस्त केले. मी म्हटलं ह्याला काही वाटतच नाही. मग एकदा बाथरूममधून आवाज आला. तर त्याला विचार, आणि तुझ्यासारखं रडायची सक्ती करू नकोस.

चर्चला जायचं का? जा, पण दाराजवळ बस. बाळाचं अर्पण असेल, मदर्स डे असेल, तर उठून बाहेर ये, कुणाची परवानगी नको. डिसेंबर जड जातो, सगळीकडे गव्हाणी आणि बाळ, मी त्या वर्षी नाताळात घराघरांत गीतं गायला गेले नाही. पण मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात, नाताळच्या गोष्टीतच, राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय आणि सांत्वन करून घेत नाहीये असं लिहिलंय, ते कुठल्याच नाटुकल्यात घेत नाहीत. मला जवळचा वाटला तो पवित्र शनिवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाच्या मधला. त्या दिवशी शुभवर्तमानात जवळजवळ काहीच घडत नाही. शिष्यांना रविवार माहीत नव्हता. मंडळी आपल्याला शुक्रवारवरून धरून रविवारवर नेऊन बसवायला बघते, पण आपला शनिवार कधीकधी आठ महिने चालतो.

आणि शांती? फिलिप्पै ४:७ मध्ये देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील असं आहे. राखील हा शब्द मी कित्येक वर्षं नुसता वाचला होता. आमच्याकडे नगरला ज्वारी हुरड्यात आली की राखण असते, माळ्यावर एक जण गोफण घेऊन बसतो. पाखरं येतात, येणारच, थोडं खातातही, पण शेत जात नाही. मला तशी आली शांती. आठवण रोज यायची, पाखरांसारखी, फक्त माझं सगळं खाऊन जायची बंद झाली.

पण दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगू नये असं वाटतंय, तर नुसती प्रार्थना करत राहू नकोस, डॉक्टरांना भेट. सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ आहे, फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. समुपदेशन घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर त्याला एलीयाची भाकर सांग.

शेवटचं, ड्यू डेट. ती तारीख येणारच आणि तुझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नसणार, म्हणून त्या दिवसाचं आधीच ठरवून ठेव. आम्ही दोघांनी रजा टाकली आणि पुणे-दौंड लाईनवरच्या केडगावला मुक्ती मिशनला जाऊन आलो. पंडिता रमाबाईंनी इथेच आख्खं बायबल मराठीत केलं, आणि ते हातावेगळं होण्याआधी, जुलै १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. बाई तरी काम करत राहिल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. मी तिथे झाडाखाली बसून डबा खाल्ला, मेथीची भाजी होती, आणि ह्यांना म्हटलं, आज असतं तर आपण हॉस्पिटलमध्ये असतो. हे म्हणाले, हो. मग आम्ही नाव घेतलं, स्तोत्र १३ वाचलं, त्या दिवशी मी सहाही ओव्या वाचल्या, आणि साडेतीनची गाडी पकडली.