प्रयोग आणि वाक्यप्रकार: मराठीच्या पेपरात हातचे गुण घालवणाऱ्या चुका

‘शिक्षकांनी मुलांना गणित शिकवले.’ या वाक्याचा प्रयोग कोणता? म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं (कर्तरी), कर्माप्रमाणे बदलतं (कर्मणी), की दोघांप्रमाणेही नाही (भावे)? उत्तर मनाशी ठरवा आणि मगच पुढे वाचा.

‘भावे’ म्हणाला असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. उत्तर कर्मणी आहे. का, ते सांगतेच.

मी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मराठी शिकवते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची संयुक्त गट ब आणि क, तलाठी, पोलीस भरती, सगळ्या तयाऱ्यांची मुलं येतात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ मराठीचे होते आणि प्रत्येक प्रश्नाला २ गुण. म्हणजे पाव पेपर मराठीचा. तरीही या विषयाच्या वाट्याला वेळ येतो तो शेवटच्या पंधरवड्यात, बाकी सगळं उरकून राहिलेला. मातृभाषा आहे, एकदा वाचलं की जमेल, असा हिशेब असतो. वाक्य बोलता येणं वेगळं आणि त्या वाक्याची उकल करता येणं वेगळं. पेपर उकलीचा असतो.

वेळ कमी पडला की मुलं तक्त्यांकडे वळतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे, क्लासच्या भिंतीवर लावलेले, ‘पाच मिनिटांत प्रयोग’ अशा नावाचे. माझा या तक्त्यांवर राग आहे आणि तो मी लपवत नाही. ते सोपी वाक्यं बरोबर सोडवून देतात. पण प्रश्न काढणाऱ्यालाही ते तक्ते पाठ असतात. तो नेमकं तेच वाक्य उचलतो, जिथे तक्ता फसतो.

‘ने’ दिसला की कर्मणी

प्रयोगाचा तक्ता बहुतेकांना तोंडपाठ असतो: कर्त्याला प्रत्यय नसेल तर कर्तरी, कर्त्याला ‘ने’ आणि कर्माला प्रत्यय नसेल तर कर्मणी, दोघांनाही प्रत्यय असेल तर भावे. आता ही वाक्यं पाहा.

मी चिंच खाल्ली.
त्याने पत्र लिहिले.
तो कविता विसरला.

पहिल्या वाक्यात ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही, म्हणून तक्ता कर्तरी म्हणतो. पण चिंचेच्या जागी आंबा ठेवला तर ‘मी आंबा खाल्ला’ होतं. क्रियापद कर्माच्या मागे चाललं आहे, म्हणजे प्रयोग कर्मणी. मी, तू, आम्ही, तुम्ही या सर्वनामांना तृतीयेचा प्रत्यय डोळ्यांना दिसत नाही, आणि तक्ता तर फक्त डोळ्यांना दिसणाऱ्यावर चालतो. दुसऱ्या वाक्यात ‘लिहिले’ असं एकारान्त नपुंसकलिंगी रूप पाहून मुलं भावे लिहून मोकळी होतात. पत्राच्या जागी चिठ्ठी ठेवा: ‘त्याने चिठ्ठी लिहिली.’ कर्मणी. तिसरं वाक्य भूतकाळातलं आहे, सकर्मक आहे, तरी कर्तरी आहे, कारण ‘ती कविता विसरली’ म्हटलं की क्रियापद कर्त्याबरोबर बदलतं. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदं अशी वागतात. ‘भूतकाळ आणि सकर्मक म्हणजे कर्मणी’ हा दुसरा लोकप्रिय शॉर्टकट त्यांच्यापाशी कोसळतो.

सुरुवातीच्या वाक्याकडे येते. ‘मुलांना’ला प्रत्यय आहे, म्हणून भावे, असं वाटतं. पण ‘मुलांना’ हे अप्रत्यक्ष कर्म. प्रत्यक्ष कर्म ‘गणित’, त्याला प्रत्यय नाही, आणि ते नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘शिकवले’ पाहून काही कळत नाही. गणिताच्या जागी कविता ठेवली की वाक्य ‘शिक्षकांनी मुलांना कविता शिकवली’ असं होतं आणि शंका उरत नाही. ‘गणित’ काढून टाकून नुसतं ‘शिक्षकांनी मुलांना शिकवले’ राहिलं, तर मात्र भावे.

एक मुलगा आठवतो. पूर्वपरीक्षा निघाली होती, मुख्य परीक्षा तोंडावर होती. वहीत पहिल्याच पानावर लॅमिनेट केलेला प्रयोगाचा तक्ता. सराव पेपरात मी मुद्दाम सगळी वाक्यं ‘मी’, ‘तू’ आणि नपुंसकलिंगी कर्माची दिली होती. त्याने सगळ्यांच्या आधी पेपर दिला आणि जवळजवळ सगळी उत्तरं चुकली. तो चिडला. ‘मॅडम, याच तक्त्यावर आमच्या रूममधला पोरगा लागला, तक्ता चुकेल कसा?’ मी त्याच्याशी वाद घातला नाही. गणिताच्या जागी कविता ठेवून वाक्य म्हणायला सांगितलं. ‘शिकवली,’ तो म्हणाला आणि थांबला. आपल्याच तोंडून आलेलं उत्तर त्याला पटलं होतं.

मग मी ‘मी चिंच खाल्ली’ घेतलं. चिंच काढ, आंबा घाल, म्हटलं. त्याने लगेच सांगितलं, ‘मी आंबा खाल्लो.’ चिंच असली तरी? ‘मी चिंच खाल्लो.’

तो सोलापूरकडचा. त्याच्या घरी, गावात, शाळेत ‘मी जेवण केलो, मी पुस्तक वाचलो’ असंच बोलतात. मराठवाड्यातही बऱ्याच भागांत हेच ऐकू येतं. त्या बोलीत तो प्रयोग खरोखर कर्तरीच आहे. त्याच्या कानाचा काही दोष नव्हता आणि त्याच्या बोलीचाही नव्हता. फक्त उत्तरतालिका प्रमाण मराठीची असते. कानावर भरवसा ठेवून सोडवणाऱ्या मुलाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती. त्याला तोवर कुणी सांगितली नव्हती, उलट एका क्लासमध्ये ‘गावठी बोलू नकोस’ म्हणून गप्प केलं होतं. असल्या शिकवण्याचा मला मनापासून संताप येतो. बोलीची लाज वाटायला लागलेलं मूल वाक्य मोठ्याने म्हणून पाहायचंच सोडून देतं, आणि मग तक्त्याशिवाय त्याच्याकडे काही राहत नाही.

त्याला मी जे सांगितलं, तेच सगळ्यांना सांगते. वाक्यात ‘मी’ किंवा ‘तू’ असेल, तर तो काढून तिथे ‘त्याने’ ठेवून पाहा. ‘त्याने चिंच खाल्ली’ हे बहुतेक भागांतल्या कानाला खरं वाटतं, आणि ते खरं वाटलं म्हणजे ‘मी चिंच खाल्ली’सुद्धा कर्मणी. ‘त्याने’ बसतच नसेल, ‘तो’च लागत असेल (‘त्याने विसरला’ कुणी म्हणत नाही), तर कर्तरी.

माझी स्वतःची सवय अशी. आधी कर्ता शोधायचा. धातूला ‘णारा’ लावून विचारायचं. ‘मला थंडी वाजते’, वाजणारी कोण? थंडी. म्हणजे कर्ता ‘थंडी’, ‘मला’ नव्हे. ‘त्याला दूध आवडते’, आवडणारं काय? दूध. कर्ता सापडला की त्याचं लिंग किंवा वचन बदलायचं. क्रियापद हललं तर कर्तरी. नाही हललं तर कर्माच्या जागी एक स्त्रीलिंगी आणि एक पुल्लिंगी शब्द ठेवून पाहायचा. हललं तर कर्मणी. दोन्हीकडे ढिम्म राहिलं तर भावे: ‘रामाने रावणास मारले’, ‘रामाने ताटकेस मारले’, क्रियापद तेच. पहिल्या आठवड्यात याला वेळ लागतो आणि घाईची मुलं इथेच सोडून देतात. नंतर ते वाक्य वाचता वाचता आपोआप होतं.

‘तू भाकरी खाल्लीस’, ‘आईने मुलीला शाळेत घातली’ असली संकर प्रयोगाची वाक्यं पहिल्या दिवशी हातात घेऊ नका. आधीचे तीन पक्के झाल्यावर ती समजायला अवघड जात नाहीत. पहिल्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं आणि शेवटचा ‘स’ कर्त्याचा असतो, म्हणून कर्तृ-कर्म संकर. दुसऱ्यात कर्माला ‘ला’ आहे तरी क्रियापद स्त्रीलिंगी झालं आहे, म्हणून कर्म-भाव संकर.

दोन क्रिया दिसल्या की संयुक्त वाक्य

हे वाक्य वाचा: ‘आई बाजारातून भाजी आणून, निवडून, चिरून, फोडणीला टाकून आम्हाला जेवायला वाढते.’

क्रिया पुष्कळ आहेत, तरी हे केवल वाक्य आहे, म्हणजे एकाच विधानाचं. आणून, निवडून, चिरून, टाकून, जेवायला ही सगळी धातुसाधितं. वाक्य पूर्ण करण्याची ताकद एकट्या ‘वाढते’मध्ये आहे. ‘आई भाजी आणून’ एवढं म्हणून तुम्ही थांबलात, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ‘आई वाढते’ म्हणून थांबता येतं. जिथे थांबता येतं ते क्रियापद. मी मुलांना पेन्सिलने फक्त तेवढ्या शब्दाखाली रेघ मारायला लावते, आणि रेघा मोजल्याशिवाय पर्याय वाचू देत नाही. ‘मुले खेळू लागली’ यात ‘खेळू लागली’ मिळून एकच क्रियापद, म्हणून रेघही एकच.

रेघा दोन निघाल्या, तर प्रश्न उरतो संयुक्त (दोन बरोबरीची वाक्यं) की मिश्र (एक मुख्य, दुसरं त्यावर अवलंबून). इथे पुन्हा तक्ता येतो: ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ म्हणजे संयुक्त, ‘की’, ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’ म्हणजे मिश्र. ‘की’ एवढ्या सरळ स्वभावाचा नाही. ‘तो म्हणाला, की पाऊस पडेल’ हे मिश्र; ‘घंटा वाजली, की मुले बाहेर पडतात’ हेही मिश्र, पण वेगळ्या कारणाने, कारण इथे अट आहे. ‘तू येतोस, की मी जाऊ?’ यातला ‘की’ मात्र ‘किंवा’चं काम करतो, दोन्ही वाक्यं बरोबरीची, म्हणून संयुक्त.

‘म्हणून’ तर त्याहून चकवतो. ‘पाऊस जोरात आला, म्हणून सामना थांबला’ हे संयुक्त. ‘नोकरी मिळावी म्हणून तो पुण्याला आला’ हे मिश्र. ‘म्हणून’ कुणाला चिकटला आहे ते बघा. पहिल्यात तो दुसऱ्या वाक्याची सुरुवात करतो आणि परिणाम सांगतो. दुसऱ्यात तो पहिल्या वाक्याच्या शेपटाला आहे आणि उद्देश सांगतो, ‘कशासाठी आला?’ असं विचारलं तर अख्खं पहिलं वाक्य उत्तर म्हणून येतं. उत्तर होऊन येणारं वाक्य गौण. आणि ‘कारण’ला संयुक्तात टाकू नका. ‘तो आला नाही, कारण तो आजारी होता’ हे मिश्र आहे.

‘दोन आणि दोन मिळून चार होतात.’ यात ‘आणि’ आहे. वाक्य केवल आहे. हा ‘आणि’ शब्द जोडतो आहे, वाक्यं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

नकारार्थी करताना अर्थ उलटा करणं. ‘तो नेहमी खरे बोलतो’चं नकारार्थी रूप ‘तो खरे बोलत नाही’ होत नाही. ‘तो कधीही खोटे बोलत नाही’ होतं. एक नकार क्रियापदात घातला, तर दुसरीकडे विरुद्धार्थी शब्द यायलाच हवा.

उद्गारार्थीचं विधानार्थी करताना तीव्रता गाळणं. ‘काय सुंदर देखावा हा!’ म्हणजे ‘हा देखावा फारच सुंदर आहे’. नुसतं ‘सुंदर आहे’ हा पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला असतो.

शब्दयोगी अव्यय तोडून लिहिणं. ‘घरासमोर’, ‘त्याच्याबरोबर’ हे जोडून. ‘तो समोर बसला’ यातलं ‘समोर’ सुटं आहे आणि ते क्रियाविशेषण आहे.

हिंदीच्या वळणाची वाक्यं. ‘माझी मदत कर’ नव्हे, ‘मला मदत कर’. मालिकांनी आणि जाहिरातींनी हे रूप इतकं रुळवलं आहे की वाक्यशुद्धीच्या प्रश्नात मुलांना ते चुकीचं वाटतच नाही.

द्विरुक्ती: ‘परत पुन्हा’, ‘गाईचे गोमूत्र’, ‘फक्त दोनच’. वाचताना खटकलं पाहिजे.

शुद्धलेखनाचे सगळे मिळून १८ नियम आहेत: १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये आलेले ४. एवढे थोडे नियम असताना शब्दांच्या लांब याद्या घोकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. नियम उदाहरणांसह वाचा. ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविमन’ ह्रस्व का, ‘वकील’चं ‘वकिलाला’ आणि ‘फूल’चं ‘फुलाला’ का होतं, हे एकदा कळलं की शेकडो शब्द सुटतात. ‘परीक्षा’ हा शब्द ‘परिक्षा’ असा लिहिलेल्या फलकाखालून रोज ये-जा करत असाल, तर तो शब्द निदान स्वतःच्या वहीत दहादा बरोबर लिहा.

पर्याय आधी वाचणं

शेवटची चूक वाचण्याच्या क्रमाची. मुलं वाक्यावरून नजर फिरवतात आणि थेट चार पर्यायांवर जातात. मग चारही खरे वाटू लागतात. आयोगाच्या वस्तुनिष्ठ पेपरात चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के गुण वजा होतात, त्यामुळे ‘वाटलं म्हणून’ लावलेलं उत्तर दुहेरी महाग पडतं. सराव करताना पर्यायांवर हात किंवा कोरा कागद ठेवा. वाक्य सोडवा, उत्तर समासात लिहा, मग कागद काढा. सरावासाठी नवी पुस्तकं विकत घेऊ नका. आयोगाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात. उत्तरं मात्र अंतिम उत्तरतालिकेवरून तपासा, पहिल्या तालिकेवरून नाही. हरकती आल्यावर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. असा रद्द झालेला व्याकरणाचा प्रश्न दिसला, तर तो वगळू नका. त्याच्या वाक्यात दोन उत्तरांना जागा कुठे राहिली होती, ते शोधून काढा.