पेरूतला एखादा फुटबॉल क्लब खालून वर कसा आला हे शोधायचं असेल तर

सगळ्यात आधी पॉइंट टेबल उघडू नका. आधी क्लब कुठल्या गावचा आणि साल कुठलं ते बघा, अर्धं काम तिथेच होतं. 1966 च्या आधीचं साल असेल तर प्रिमेरा, म्हणजे सगळ्यात वरची डिव्हिजन, फक्त लिमा आणि शेजारचं कायाओ बंदर, बस. बाकी देशातल्या क्लबांना तिथे एंट्रीच नव्हती, त्यामुळे चढउतार सगळा राजधानीच्या आसपासचाच. अलियान्सा लिमासारखा मोठा क्लबसुद्धा 1938 ला खाली गेला होता आणि 1939 खालच्या डिव्हिजनला काढून परत वर आला.

1966 ला स्पर्धा देशभराची झाली आणि 1967 ला कोपा पेरू सुरू झाली, खरी मजा इथून पुढे आहे. तिथून 2022 पर्यंत वर यायच्या वाटा दोन, एक सेगुंदा म्हणजे दुसरी डिव्हिजन, जी बराच काळ लिमाकडच्या क्लबांचीच होती, आणि दुसरी कोपा पेरू, जी गावोगावच्या क्लबांची. म्हणून क्लब डोंगरातला किंवा जंगलातला असेल तर आधी कोपा पेरूच्या विजेत्यांची यादी बघा. आधी जिल्ह्याची लीग, मग प्रोव्हिन्स, मग डिपार्टमेंट आणि शेवटी नॅशनल, एवढ्या पायऱ्या एका वर्षात चढायच्या आणि जिंकलं की तेव्हा सेगुंदाला हातही न लावता थेट प्रिमेरात! तिथले लोक याला ‘फुटबोल माचो’ म्हणतात, मर्दानी फुटबॉल. मला विचाराल तर जगात यापेक्षा भारी प्रमोशन नव्हतं.

बिनासिओनाल घ्या. बोलिव्हियाच्या सीमेवरच्या देसाग्वादेरोमधे 2010 ला सुरू झालेला क्लब, 2017 ला कोपा पेरू जिंकला, 2018 ला प्रिमेरात आला आणि 2019 ला चक्क देशाचा चॅम्पियन. फायनल दोन लेगची होती, पहिला लेग हुलियाकाला, समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरवर, तिथे अलियान्सा लिमाला 4-1 हरवलं, मग लिमात 0-2 हरले तरी एकूण 4-3 ने कप यांचाच. यात सालाची एक गोष्ट लक्षात ठेवा, कोपा पेरू जिंकल्याचं साल आणि प्रिमेरातला पहिला सीझन यात सहसा एक वर्षाचा फरक असायचा, नोंद करताना दोन्ही सालं लिहा नाहीतर पुढे सगळा घोळ.

नावांचाही असाच घोळ होतो. कुस्कोमधे गार्सिलासो दोन आहेत. रेआल गार्सिलासो 2009 ला स्थापन झाला, 2011 ला कोपा पेरू जिंकला, 2012 ला पहिल्याच सीझनला प्रिमेरात दुसरा आला आणि आता त्याचं नाव कुस्को एफसी आहे. देपोर्तिवो गार्सिलासो हा वेगळा आणि जुना क्लब, त्याने कोपा पेरू जिंकली 2022 ला. नुसतं ‘गार्सिलासो’ लिहिलेलं दिसलं की स्थापनेचं साल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि देपोर्तिवो गार्सिलासोच्या नंतर नियम बदलला, आता कोपा पेरूचा विजेता थेट प्रिमेरात जात नाही, त्यामुळे 2023 पासूनच्या क्लबांसाठी सेगुंदाची टेबलं बघावीच लागतात. मला हे अजूनही पटलेलं नाही, गावच्या क्लबचं एका वर्षात वर जायचं स्वप्नच काढून घेतलं.

शेवटचं म्हणजे, क्लब खाली गेला असं टेबलात दिसलं तरी पुढच्या वर्षीच्या संघांची यादी उघडून बघायचीच. 2020 ला अलियान्सा लिमा मैदानावर खाली गेला होता, पण कार्लोस स्टाइन या क्लबचे पॉइंट कापायचा निकाल आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने दिला आणि अलियान्सा प्रिमेरातच राहिला. कार्लोस स्टाइन 2019 ची कोपा पेरू जिंकून नुकताच वर आला होता, तो गेला खाली, आणि 2021 चा चॅम्पियन कोण, तर अलियान्सा लिमा.